आईच्या बेचाळीस डायऱ्यांचं काय करू? (बडोद्याच्या जुन्या मंडळींनी जरूर वाचा)

निळी_शाई | रविवार, रात्री ९:४०

आईला जाऊन आज पस्तीस दिवस झाले. त्र्याण्णवावं चालू होतं. आदल्या संध्याकाळी तिनं माझ्याकडून लाइटबिल वाचून घेतलं, आकडा दोनदा विचारला, आणि रात्री झोपेतच गेली.

दांडिया बाजार, रावपुरा, कोठी या भागातली जुनी माणसं तिला ओळखतील. मराठी घरांत ती वकीलकाकू, गुजराती अशिलांची वकीलबेन. नाव मुद्दाम लिहीत नाही. माझा प्रश्न वाचलात की कारण कळेल.

तिचा जन्म १९३२चा, बडोद्यातलाच. आजोबा हुजूर कचेरीत कारकून होते. सयाजीराव महाराज १९३९ साली गेले तेव्हा ती सात वर्षांची होती. त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती, एवढंच तिला आठवत असे. पण महाराजांचा एक कायदा आमच्या घरात अगदी आतपर्यंत आला होता. आईच्या आत्याला नवऱ्यानं टाकलं होतं. बडोदा संस्थानात १९३१ साली हिंदूंसाठी फारकतीचा कायदा झाला. मुंबई प्रांताचा १९४७ला आला आणि सगळ्या देशाला हिंदू विवाह कायदा मिळायला १९५५ उजाडलं. आत्याआजीनं बडोद्याच्या त्या कायद्याखाली रीतसर फारकत घेतली. हुकूमनाम्याची नक्कल तिनं पितळी डब्यात ठेवली होती, आणि कोणी तिच्याविषयी वाकडं बोललं की ती डबा उघडून कागद पुढे ठेवायची. आईला अक्षरं लागायला लागली तेव्हा तो कागद तिनं आत्याला मोठ्यानं वाचून दाखवला होता. आत्याआजीला स्वतःला वाचता येत नव्हतं. आपल्या कागदात काय लिहिलंय हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा शब्दन् शब्द ऐकलं.

आईनं युनिव्हर्सिटीत बीए केलं, लग्न झालं, आम्ही तिघं झालो. मी शेंडेफळ, १९६१ची. मी रांगत होते तेव्हा तिनं लॉला प्रवेश घेतला. १९६५ साली सनद मिळाली आणि ती न्यायमंदिरात, म्हणजे तेव्हाच्या कोर्टात, जायला लागली. सूरसागरसमोरची ती लाल इमारत १८९६ साली भाजीमंडई म्हणून बांधली होती, चिमणाबाई मार्केट, हे बाहेरगावच्यांना सांगूनही खरं वाटत नाही. मधल्या मोठ्या दालनात पहिल्या चिमणाबाईंचा पुतळा आहे. आई सांगायची, "पहिल्या दिवशी भीती वाटली तेव्हा तिच्याकडे पाहिलं. म्हटलं, मंडई हिच्या नावाची, मग मी परकी कशी?"

आता मुद्द्याचं. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत तिच्या बेचाळीस डायऱ्या मिळाल्या. १९६५ ते २००६, मधलं एकही वर्ष चुकलेलं नाही. वकिलांची असते तीच डायरी: तारीख, कोर्ट, पक्षकार, काम कशासाठी, पुढची तारीख. पण तिनं त्यातच सगळं लिहिलंय. उजव्या पानावर कोर्ट, डाव्या पानावर घर. दूध, शाळेच्या फिया, दादाच्या चष्म्याचा नंबर, गव्हाचं पोतं. आणि दर गुरुवारी एक यादी, दुपारच्या ओसरीवर आलेल्या बायकांची. नावं, गाव, काय अडचण, काय सांगितलं. फीच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी आडवी रेघ.

बडोद्यातल्या मराठी बाईनं चाळीस वर्षं रोजच्या रोज लिहिलेलं हे सगळं. दादा म्हणतो, ग्रंथालयाला देऊया. ताई म्हणते, जाळून टाक, लोकांची नावं आहेत त्यात. माझा हात दोन्हीकडे जात नाही. तुम्ही काय केलं असतंत? आणि कोणाला आई आठवत असेल तर तेही लिहा. आठवणी हव्या आहेत.

---

रावपुरा_नाका | रविवार, रात्री १०:१५

काकू गेल्या हे इथेच कळलं. फार वाईट वाटलं. आम्ही समोरच्या वाड्यात. माझ्या दहावीच्या दाखल्यावर आईचं नाव चुकलं होतं, ते दुरुस्त करायला काकूंनी अर्ज लिहून दिला. मी म्हटलं, सही करू? म्हणाल्या, "आधी वाच. मोठ्यानं." मी वाचला. म्हणाल्या, "आता कर." आज पन्नाशी ओलांडली, पण बँकेत कुठलाही कागद पुढे आला की तो आवाज ऐकू येतो.

डायऱ्या जाळू नका. एवढंच सांगतो.

---

पांढरी_साडी_काळा_कोट | सोमवार, सकाळी ७:०५

निळी_शाई, तू मला ओळखशील. मी १९९४ ते २००२ काकूंची ज्युनिअर होते. आता अहमदाबादला असते. रात्री तुझं वाचलं आणि झोप लागली नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

काकूंनी मला पहिल्या महिन्यात एकही दावा लिहू दिला नाही. न्यायमंदिराबाहेर टायपिस्ट बसायचे, त्यांच्याजवळ नुसतं बसायला सांगितलं. "बायका तिथे कागदावर अंगठा उठवतात. उठवण्याआधी त्यांना कोण काय सांगतं ते ऐक." मी आठवडाभर ऐकलं. बहुतेक वेळा कोणीच काही सांगत नव्हतं. "बेन, सही क्यां करवानी छे?", सही कुठे करायची, एवढा प्रश्न यायचा आणि बोट दाखवलं जायचं.

सोगंदनाम्याखाली, म्हणजे प्रतिज्ञापत्राखाली, एक ओळ असते, मजकूर वाचून दाखवला, समजावला, कबूल आहे, अशा अर्थाची. सगळीकडे ती छापूनच यायची. काकू ती ओळ खरी करायच्या. अशील गुजराती असेल तर गुजरातीत, मराठी असेल तर मराठीत, छोटा उदेपूरकडची राठवा आदिवासी बाई असेल तर तिची बोली येणारं माणूस गाठून. एका पानाला पाऊण तास लागायचा. बाहेर बाकीची अशिलं ताटकळायची, मी घड्याळ बघायची. काकू घड्याळ बघत नसत.

खावटीच्या कामाचं सांगते, गुजराती कोर्टात जिला खाधाखोराकी म्हणतात. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये तेव्हा महिना पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. ती १९५५पासूनची, थेट २००१मध्ये उठली. पंचेचाळीस वर्षांत गहू कुठल्या कुठे गेला, आकडा तिथेच. कित्येक अर्जांत बाई आणि तिची मुलं एकत्र धरून पाचशे मागितलेले असायचे. आता १९७८ साली सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं होतं की ही मर्यादा प्रत्येक अर्जदाराला वेगळी आहे, सगळ्यांना मिळून नाही. पण निकाल झाला म्हणून तो प्रत्येक टेबलापर्यंत पोचतोच असं नाही. काकू प्रत्येक मुलाचा परिच्छेद वेगळा करायच्या: नाव, वय, इयत्ता, दूध किती, वह्या किती, दवाखाना किती. मला म्हणाल्या, "आकडा घरातून काढायचा, पुस्तकातून नाही." ते हिशेब त्यांना इतके तोंडपाठ कसे, हे मला डाव्या पानांबद्दल वाचल्यावर आज कळलं. स्वतःच्याच संसाराचे भाव त्यांच्यासमोर असायचे.

विधवांच्या जमिनीची कामंही त्यांच्याकडे पुष्कळ. हिंदू वारसा कायदा १७ जून १९५६ला लागू झाला आणि कलम १४नं बाईचा हयातीपुरता हक्क पूर्ण मालकीचा केला. पण गावात दीर-पुतणे वर्षानुवर्षं सांगत राहिले, "तुझं फक्त जिवंत असेपर्यंत." तुळसम्मा खटल्याचा १९७७चा निकाल काकूंच्या टेबलावर कायम असायचा, पानं पार मऊ पडलेली. पोटगीच्या हक्कापोटी मिळालेली मालमत्ताही बाईच्या पूर्ण मालकीची होते, असं त्यात आहे. त्याच्या आधाराने त्यांनी किती बायकांना उंबऱ्याच्या आत ठेवलं, हे त्या डायऱ्या सांगतील.

आणि म्हणूनच, डायऱ्या बाहेर देऊ नकोस. सगळं माहीत असून सांगते. का ते दुसरे लिहितीलच.

---

कलम_१२६ | सोमवार, सकाळी ११:३०

आईंना आदरांजली. मी पुण्यात वकिली करतो. त्यांना ओळखत नव्हतो, प्रश्नाच्या कायदेशीर बाजूपुरतं लिहितो.

१८७२च्या पुरावा कायद्याचं कलम १२६: अशिलानं कामाच्या निमित्तानं वकिलाला जे सांगितलं, ते अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून वकिलाला उघड करता येत नाही. काम संपलं तरी बंधन संपत नाही, हे त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. कलम १२७नं तेच बंधन वकिलाच्या कारकुनावर आणि दुभाष्यावर घातलं. १ जुलै २०२४पासून नवीन भारतीय साक्ष अधिनियम आला, त्यात हे कलम १३२मध्ये आलंय. गाभा तोच. बार कौन्सिलच्या आचारसंहितेतही हा नियम आहे.

वारसांचं नाव यात कुठे नाही. पण हा हक्क मुळात अशिलाचा आहे. आईंच्या जाण्यानं तो संपत नाही. दाव्याचा निकाल सार्वजनिक असतो, नक्कल कोणीही काढू शकतं. बाईनं ओसरीवर बसून काय सांगितलं ते सार्वजनिक नाही. गुरुवारच्या याद्या नेमक्या दुसऱ्या प्रकारातल्या आहेत.

---

जुनी_पेटी | सोमवार, दुपारी ३:२०

मी अभिलेखागाराचं काम केलं आहे, माझं मत वेगळं पडेल.

बडोद्याचा इतिहास म्हटला की महाराजांचे हुकूम, राजवाडे, १९०६चं सक्तीचं शिक्षण, १९१०चं मध्यवर्ती ग्रंथालय हे येतं, आणि यायलाच हवं. पण त्या शिक्षणातून जी पिढी झाली तिनं पुढे काय केलं, मराठी घरातल्या बाईनं गुजरातीत कोर्ट कसं चालवलं, गुजरात राज्य १९६०मध्ये झाल्यावर इथल्या मराठी कुटुंबांचं रोजचं जगणं कसं बदललं, हे कुठल्या दफ्तरात नाही. ते अशा डाव्या पानांवर असतं. दुधाचा भाव, गव्हाचा भाव, कोणाच्या मुलीला कितवीतून काढलं. एकदा जळलं की परत मिळत नाही. मी घराघरांतून रद्दीत गेलेल्या पेट्या पाहिल्या आहेत आणि प्रत्येक वेळी पोटात तुटलं आहे.

मधला मार्ग असतो. मोहोरबंद करून ठेवा. अमुक वर्षांनी उघडा अशी लेखी अट घाला. त्यातल्या बायका, त्यांची मुलं हयात नसतील असा काळ धरा. जगभरचे दफ्तरखाने असे संग्रह ठेवतात.

---

विश्वामित्री_काठ | सोमवार, रात्री ८:५०

मी कधी इथे लिहीत नाही. आज लिहितो.

माझी आई त्या गुरुवारच्या यादीत आहे. नक्की असणार. १९७९ किंवा ८०. मी चौथीत होतो, तिचा हात धरून दांडिया बाजारात आलो होतो. ओसरीवर सतरंजी, काळा रेडिओ, आणि काकूंनी मला गूळ-शेंगदाणे दिले होते. मला आत पाठवलं, "आत दादाबरोबर खेळ." आई काय बोलली मला माहीत नाही. परत जाताना ती रडत नव्हती, येताना रडत होती. तेवढं माहीत आहे.

माझी आई आता ८१ वर्षांची आहे. त्या दिवसाबद्दल तिनं मला एक शब्द सांगितलेला नाही. मीही विचारलं नाही. उद्या कोणी अभ्यासक ती डायरी उघडेल, आईचं नाव, गाव आणि जे तिनं पोटच्या मुलालाही सांगितलं नाही ते वाचेल, त्यावर टिपण काढेल, हे मला चालणार नाही. साठ वर्षांनी सुद्धा चालणार नाही. जुनी_पेटी, तुमचा हेतू वाईट नाही, मला कळतं. पण ती गोष्ट आईनं एका माणसाला दिली होती.

काकूंनी आईला एक सांगितलं होतं, ते मात्र आईनं मला हजारदा सांगितलंय, म्हणून लिहितो. सगळे कागद एका स्टीलच्या डब्यात ठेव, डबा उंच ठेव, आणि वर्षातून एकदा दिवाळीच्या साफसफाईला बाहेर काढून वाच. ऑगस्ट २०२४ला विश्वामित्रीचं पाणी आमच्या घरात कमरेपर्यंत आलं. गादी, फ्रिज, माझ्या मुलीची पुस्तकं, सगळं गेलं. डबा माळ्यावर होता. घराचे कागद कोरडे राहिले. पाणी उतरल्यावर आईनं पहिल्यांदा तो डबा खाली काढायला लावला.

---

जुनी_पेटी | सोमवार, रात्री ९:३५

विश्वामित्री_काठ, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. गुरुवारच्या याद्यांबाबत मी माझं म्हणणं मागे घेतो. घरखर्चाच्या पानांबाबत नाही.

---

तुळशीकट्टा | मंगळवार, सकाळी ८:१०

काकू आमच्या महिला मंडळात दर शनिवारी यायच्या. हळदीकुंकवाला बोलावलं तर म्हणायच्या, वाण म्हणून पासबुकाचं कव्हर द्या. खरोखर दिलं आम्ही एका वर्षी. मग सगळ्यांना पासबुक आणायला लावलं, जमा कुठे लिहितात, नावे कुठे लिहितात, खातं कोणाच्या नावावर आहे ते बघायला लावलं. अकराजणींपैकी चौघींना तोपर्यंत माहीत नव्हतं की खातं त्यांच्या नावावर नाहीच.

सयाजी हॉस्पिटलच्या बायकांच्या वॉर्डातही जायच्या. भाजलेल्या मुलींपाशी. ऐंशीच्या दशकात फार होतं ते. सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८अ १९८३ला आलं, त्याच्या आधीपासून जायच्या. एकदा मी सोबत गेले. त्या कायद्याचं काही बोलल्या नाहीत. चमच्यानं पाणी पाजत बसल्या तासभर. परत येताना रिक्षात एक शब्द नाही. घरी पोचल्यावर म्हणाल्या, "तू पुन्हा येऊ नकोस, तुझ्या पोटात बाळ आहे." मला स्वतःला तोवर खात्री नव्हती.

---

निळी_शाई | मंगळवार, रात्री ११:२०

तुम्हा सगळ्यांचं वाचतेय. एकेक वाचून थांबावं लागतं.

तुळशीकट्टा, "स. हॉ." अशी अक्षरं डायरीत कितीतरी ठिकाणी आहेत, पुढे नुसती वेळ. मी दोन दिवस विचार करत होते, हे कुठलं कोर्ट. घरी तिनं कधी सांगितलं नाही. त्या दिवसांत ती आल्या आल्या आंघोळ करायची, एवढं आम्हाला माहीत.

मला एक गोष्ट लिहायची आहे. आई म्हणून ती कशी होती, हे कोणी विचारलं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

१९७१मध्ये मला टायफॉइड झाला होता. दहा वर्षांची होते. ताप उतरत नव्हता, आणि आई काळा कोट घालून कोर्टात गेली. आजी उशाशी होती, कपाळावर घड्या ठेवत होती, पण मला आई हवी होती. मी दाराकडे बघत राहिले ते मला पक्कं आठवतं. ही गोष्ट मी पन्नास वर्षं मनात धरली. स्वतःची मुलं झाल्यावर जास्तच. भांडणात एकदा तिला बोलूनही दाखवली. ती म्हणाली, "हो, गेले होते." बाकी काही बोलली नाही.

परवा १९७१ची डायरी उघडली. ते पान मिळालं. डाव्या पानावर तिच्या बारीक अक्षरात दर दोन तासांचा ताप लिहिलाय, रात्री अकरा, एक, तीन, पाच. म्हणजे रात्रभर ती जागीच होती. मला फक्त सकाळ आठवते. उजव्या पानावर एका कामाचं नाव, त्यासमोर: "मुदत मागितली. मिळाली नाही. युक्तिवाद केला. १२.१० घरी." आणि खाली, वेगळ्या शाईत, बहुधा नंतर लिहिलेलं: "मनाई हुकूम मिळाला. बाई घरातच राहील."

कोण बाई, कुठलं घर, ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. मला आता कळलंय. त्या सकाळी मला सोडून ती कोणासाठी गेली, हे मला नावानिशी कळलंय, आणि ते मी कोणालाही सांगू शकत नाही. ताईला पण सांगितलेलं नाही. आईनं स्वतः हे सांगून माझा राग एका मिनिटात घालवला असता. तिनं तो पन्नास वर्षं सोसला, पण अशिलाचं नाव घेतलं नाही.

घरी मात्र ती पूर्ण आईच होती. तारखेहून आली की कोट खुंटीला, पदर खोचून थेट स्वयंपाकघरात. तिच्या सुरळीच्या वड्या इतक्या पातळ असत की आतलं खोबरं दिसायचं. त्या पसरताना ती आम्हाला पाढे म्हणायला लावायची, कारण पीठ थंड व्हायच्या आत पसरायचं असतं आणि तिला मध्ये कोणी प्रश्न विचारलेला चालत नसे. एकोणतीसचा पाढा म्हणताना मला आजही बेसनाचा वास येतो.

---

कलम_१२६ | बुधवार, सकाळी ९:००

हे वाचून काय लिहावं सुचत नाही. आम्ही १२६ परीक्षेपुरतं पाठ करतो. त्यांनी ते घरात पाळलं.

---

नाझरखाना | बुधवार, दुपारी १:४५

माझे वडील बेनचे मुन्शी होते, १९६८पासून १९९७पर्यंत. ते २०११ला गेले. बेन स्मशानात आल्या होत्या, तेव्हा त्या ७९च्या.

वडील गुजराती, पण मराठी छान बोलायचे. घरी आम्ही विचारलं की आज काय काम होतं, तर म्हणायचे, "पूछवानुं नहीं." ते बेननीच शिकवलं असणार.

एक आठवण सांगतो. सत्तरच्या दशकात दोघं रंगपूरला गेले होते. कवांट तालुक्यात, तेव्हा आपल्याच जिल्ह्यात होता, छोटा उदेपूर वेगळा जिल्हा २०१३ला झाला. तिथे हरिवल्लभ परीखांचा आनंद निकेतन आश्रम. १९४९पासून ते आदिवासींमध्ये राहिले आणि झाडाखाली लोकांची अदालत चालवायचे. सरकारी लोकअदालती त्याच्या खूप नंतरच्या. शेकडो माणसं बसलेली, दोन्ही बाजू उभ्या राहून आपलं म्हणणं मांडतात, पंच ठरतात, आणि शेवटी सगळ्यांना गूळ वाटतात. वडील सांगायचे, बेन दिवसभर मागे बसून नुसतं बघत होत्या. परत येताना बसमध्ये म्हणाल्या, "इथे बाईला कोणी पुकारा करून बोलवत नाही, ती आपणहून उठते." ओसरीवरचा गुरुवार त्यानंतर सुरू झाला असं वडिलांचं म्हणणं. डायरी बघून खरं-खोटं करता येईल. गूळ-शेंगदाण्यांचं वाचलं तेव्हा मला वाटलं, हो, तिथूनच आलं.

दुसरं, महत्त्वाचं. त्या ट्रंकेत खाली एक खाकी कापडी दफ्तर आहे का? वडील शेवटी-शेवटी म्हणत होते की काही अशिलांचे मूळ कागद बेनकडे राहिलेत, न्यायचं राहून गेलंय. असतील तर मी पत्ते शोधायला मदत करतो. वडिलांचं काम आहे ते.

---

निळी_शाई | बुधवार, दुपारी २:३०

आहे! खाकी दफ्तर आहे. मी ते जुन्या कापडांचं गाठोडं समजून बाजूला ठेवलं होतं. आत्ता उघडलं. पाच लिफाफे आहेत, प्रत्येकावर नाव आणि "मूळ, परत देणे". खासगी निरोप पाठवते.

आणि गुरुवारची पहिली यादी १९७४ची आहे. त्याच्या आधल्या महिन्यात एका पानावर "रंगपूर, बस ६.१५". तुमच्या वडिलांचं बरोबर होतं.

---

पांढरी_साडी_काळा_कोट | बुधवार, रात्री १०:०५

पाचपैकी एका लिफाफ्यावर माझं अक्षर असेल. २००१चं. पक्षकार दुसरीकडे राहायला गेली, पत्र परत आलं, काकूंनी मला तीनदा विचारलं होतं, "कागद पोचला का?" मी सोडून गेले तेव्हा पोचला नव्हता. तो मला मनात बोचत राहिलाय. निळी_शाई, शनिवारी येते मी बडोद्याला.

---

निळी_शाई | पुढच्या रविवारी, संध्याकाळी ६:१५

काय काय झालं ते सांगते, तुम्ही सगळ्यांनी एवढा जीव लावलात म्हणून.

शनिवारी आम्ही तिघं निघालो: मी, आईची ज्युनिअर आणि मुन्शीकाकांचा मुलगा. न्यायमंदिरावरून गेलो. २०१८ला कोर्ट जुन्या पादरा रोडला गेल्यापासून तिथला तो सकाळचा गजबजाट नाही, टायपिस्ट नाहीत. ज्युनिअरताई रिक्षा थांबवून पाच मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या.

पाच लिफाफ्यांतल्या दोघींचा पत्ता लागला. एक बाई गेल्या आहेत, त्यांच्या मुलीला कागद दिला. उरलेल्या तिघींचा शोध मुन्शीकाकांचा मुलगा घेतोय.

दुसऱ्या बाई पंचाहत्तरीच्या पुढच्या, गावाबाहेरच्या नव्या सोसायटीत मुलाकडे राहतात. नावाचा लिफाफा बघितला आणि खाटेवर बसल्या. खरेदीखत होतं, त्यांच्या स्वतःच्या नावाचं. त्यांना वाटत होतं हरवलं. मी एक पोचपावती लिहून नेली होती, गुजरातीत, चार ओळींची. पेन पुढे केलं. त्यांनी पेन घेतलं नाही. म्हणाल्या, "पहेलां वांची संभळावो." आधी वाचून दाखवा.

मला वाचता येईना. आवाज फुटेना. ज्युनिअरताईंनी वाचून दाखवलं. बाईंनी पूर्ण ऐकलं, तारीख विचारली, मग सही केली. मला म्हणाल्या, "तमारी बाए शीखव्युं छे." तुमच्या आईनं शिकवलंय.

डायऱ्यांचं असं ठरलंय. दादा, ताई दोघांशी बोलले. उजवी पानं आणि गुरुवारच्या याद्या कुठेही जाणार नाहीत. आमच्या घरात, कुलुपात. त्यातली कोणी बाई किंवा तिचं मूल आलं तर त्यांचं पान त्यांना दाखवायचं, दुसऱ्या कोणाला नाही. माझ्यानंतर काय, ते माझ्या मुलीशी बोलून लेखी करणार आहे. कलम_१२६, त्याचा मसुदा बघाल का? डाव्या पानांवरचे हिशेब मी स्वतः हातानं उतरवून काढणार आहे, नावं सोडून. जुनी_पेटी, ते तुम्हाला देईन. वेळ लागेल. १९६५चं जानेवारी झालंय: दूध, शाळेची फी, आणि माझ्यासाठी लाल फ्रॉक.

---

विश्वामित्री_काठ | रविवार, रात्री ९:१०

आईला तुमच्या धाग्याबद्दल सांगितलं. वाचूनही दाखवलं, माझं लिहिलेलं सोडून. मग तेही वाचलं. बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, त्यांच्या मुलीकडे गुरुवारी गेलेलं चालेल का? तिला तिचं पान बघायचंय. मी बाहेर थांबेन.

---

निळी_शाई | रविवार, रात्री ९:१८

कधीही घेऊन या. गुरुवारी दुपारी तीनला ओसरी उघडी असेल. सतरंजी तीच आहे.